ऐकू येणारी करामत आणि ऐकू न येणारी कानस



२०२२ च्या जुलैत ६८ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. पुरुष पार्श्वगायकाचा पुरस्कार ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना मिळाला. त्याचा आपल्याला आनंद झाला आणि तो साहजिकच होता. त्याच यादीत पार्श्वगायिकेचा पुरस्कार कुणाला मिळाला, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तो मिळाला नंजियम्मांना. केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात अट्टप्पाडी नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथल्या इरुळा या आदिवासी जमातीतल्या या बाई. आयुष्य गुरं-शेळ्या राखण्यात गेलं. ‘अय्यप्पनुम कोशियुम’ या २०२० च्या मल्याळम चित्रपटासाठी जेक्स बिजॉय या संगीतकाराने त्यांच्याकडून त्यांच्याच इरुळा भाषेतलं गाणं गाऊन घेतलं. वाद्यमेळ आधुनिक आहे, पण आवाज पुढे ठेवला आहे. जसा आहे तसा.

पुरस्कार जाहीर झाला आणि केरळात वाद पेटला. संगीतासाठी जन्म घातलेल्या, सुराला पक्क्या गायिका असताना या बाईंना पुरस्कार का, असा आक्षेप निघाला. ठरलेल्या पट्टीत एखादं नेहमीचं गाणं त्या सुरात गाऊन दाखवू शकतील का, असंही विचारलं गेलं. लगेच इतर गायक-संगीतकार त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि वाद भावनेच्या अंगाने निवला. मला वाटतं, तो निवायला नको होता. प्रश्न विचारणाऱ्याच्या हेतूबद्दल काहीही म्हणा, प्रश्न खरा होता. आजच्या चित्रपटसंगीतात ‘सुरात असणं’ म्हणजे नक्की काय आणि ते ठरवतं कोण?

पत्रिकेवर आजचा विषय ‘चित्रपटसंगीतातला लोकगळा आणि इलेक्ट्रॉनिक करामती’ असा छापला आहे. असा विषय निघाला की वक्त्याने यंत्रावर तोंडसुख घ्यायचं आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो मोडणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना चहाच्या वेळेपर्यंत मुद्दे गोळा करता येतील. लोकगायकाच्या आवाजावर केलेली जी करामत धडधडीत ऐकू येते, म्हणजे आवाज घुमवणं, त्याचे तुकडे करणं, तो यंत्रमानवासारखा करून टाकणं, तिने त्या आवाजाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ऐकू न येणाऱ्या दुरुस्तीने. कानस फिरवलेली कळत नाही, कंगोरे मात्र गेलेले असतात.

कानस कुठून आली तेही पाहू. ‘ऑटो-ट्यून’ हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या धंद्यात होते. जमिनीत कंपनं सोडायची, ती परत कशी येतात ते मोजायचं आणि पोटात तेल आहे का याचा अदमास घ्यायचा, हे त्यांचं काम. तेच गणित त्यांनी माणसाच्या गळ्याला लावलं. आवाज या क्षणी कुठल्या कंपनसंख्येवर आहे ते यंत्र मोजतं, दिलेल्या स्वरांपैकी सगळ्यात जवळचा शोधतं आणि आवाज तिथे नेऊन बसवतं. किती झटकन बसवायचा, ते ठरवायची सोय असते. सावकाश बसवला तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. वेळ शून्यावर आणली तर एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी मींड नाहीशी होते, आवाज तुटक उड्या मारतो आणि ओळखू येण्याइतका कृत्रिम होतो. शेर या अमेरिकन गायिकेच्या १९९८ च्या ‘बिलीव्ह’ गाण्यात जगाने ही उडी पहिल्यांदा कान देऊन ऐकली. त्या गाण्याच्या निर्मात्यांनी तेव्हा मुलाखतीत भलत्याच यंत्राचं नाव सांगितलं होतं. लपवाछपवी या धंद्याच्या मुळातच आहे.

पुढे जर्मनीतून ‘मेलोडाइन’ आलं. आज मुंबईच्या स्टुडिओत गायक घरी गेल्यावर जे ‘ट्यूनिंग’ होतं, ते पुष्कळदा यावरच. गाणारा कितीही मोठा असो, ते होतंच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि पेटीच्या सुरांवर वाढलेल्या गायकाच्या बाबतीत त्याने फार मोठं नुकसानही होत नाही. लोकगायकाच्या बाबतीत काय होतं, ते मात्र जरा जवळून पाहायला हवं.

गोंधळ्याची एक ओळ घेऊ, उदोकाराची. गोंधळी स्वरावर सरळ जाऊन उभा राहत नाही. तो आवाज खालून ओढत आणतो, वरच्या षड्जावर आदळतो, तिथे धरतो, आणि धरल्या धरल्या तो षड्ज किंचित वर सरकत जातो. संबळाचा ठेका चढला की जास्तच. शेवटी तो आवाज उतरवत नाही, तोडून टाकतो. तोडलेल्या जागी तुणतुण्याची झणझण उरते आणि साथीदार झील उचलतात. आता हीच ओळ मेलोडाइनच्या पडद्यावर पाहा. प्रत्येक स्वराचा एक नारिंगी गोळा, त्यातून जाणारी एक नागमोडी रेघ आणि मागे बारा स्वरांच्या आडव्या पट्ट्या. खालून ओढत आणलेला आवाज पडद्यावर दिसतो तो चुकीच्या पट्टीत सुरू झालेला गोळा म्हणून. वर सरकणारा षड्ज दिसतो तो न टिकलेला सूर म्हणून, आणि ते सरकणं कमी करायचं वेगळं हत्यारच तिथे दिलेलं आहे. तोडलेला शेवट दिसतो तो एक निरुपयोगी शेपटी म्हणून. काम करणारा मुलगा हुशार आहे, रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी गाणं द्यायचं आहे. त्याने तिन्ही ठिकाणी माऊस फिरवला. पाच मिनिटांचं काम. ओळ आता सुरात आहे आणि गोंधळी निघून गेला आहे.

याहून बारीक गोष्ट गंधाराची. या सॉफ्टवेअरच्या मापात लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. षड्ज शून्यावर धरला तर कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध गंधार ४०० वर. गाणारी बाई ३५० च्या आसपास गाते आहे. चुकते आहे का? एकदाच तिथे आली असेल तर कदाचित चुकली असेल. दर ओळीला, दर कडव्याला तिथेच येत असेल तर तो तिचा गंधार आहे, तिच्या आईकडून आलेला. यंत्राला मात्र इकडे की तिकडे, काहीतरी एक ठरवावंच लागतं. कुठेही ढकलला तरी गाण्याचा मिजाज बदलतो.

लयीचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ बायकांच्या तोंडून ध्वनिमुद्रितही झाल्या आणि आज त्या सहज ऐकता येतात. जरूर ऐका. दोघी दळायला बसलेल्या असतात, एक ओवी उचलते, दुसरी मागून येऊन मिळते. वैरण घातली की जातं क्षणभर जड होतं आणि ओळ लांबते. दाणे भरडले गेले की जातं हलकं होतं, ओळ आखडते. ही लय खुंट्यावरच्या हातातून येते. स्टुडिओत कानात टिकटिक वाजत असते, तिला ‘क्लिक’ म्हणतात, आणि सगळं तिच्या चौकटीत बसावं लागतं. बसलं नाही तर नंतर ताणून किंवा दाबून बसवता येतं. शिवाय दोघींच्या सुरात जो थोडा फरक असतो, त्यानेच तो आवाज भरदार होतो. दोघींनाही एकाच रेघेवर आणून बसवलं की दोन बायकांची मिळून एक बारीक बाई होते.

सूर बांधून टाकणाऱ्या यंत्राबद्दल आपण पूर्वीही भांडलो आहोत. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. पेटीचे स्वर ठोकळे आहेत, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक आपल्याकडे होऊन गेला आणि पु. लं.ना पेटीवर बसलेलं पाहिलेले लोक आजही हयात आहेत. आपण मराठी माणसं या बंदीबद्दल हसतच बोलतो. इकडे भजनी मंडळांनी पेटी डोक्यावर घेतली, गावोगावचे अभंग पेटीच्या सुरांकडे सरकले, काही जुनी वळणं गेलीही असतील. मग ऑटो-ट्यूनविरुद्ध ओरडणारा मी आणि पेटी बंद करणारा रेडिओवरचा साहेब, यांत फरक काय? फरक एवढाच की पेटी गळ्याला हात घालत नव्हती. ती शेजारी वाजत होती. वारकरी तिच्यापासून सुटून वर जाऊ शकत होता, जातही होता, आणि पेटीवाला त्याला शोधत मागे यायचा. इथे गायक काय गायला, हेच उरत नाही.

हे झालं कानशीचं. आता करामतीकडे येऊ, आणि इथे मला यंत्राची बाजू घ्यायची आहे.

लोकसंगीत म्हणजे शुद्ध, निर्मळ, विजेचा स्पर्श न झालेलं काहीतरी, ही शहरी कल्पना आहे. आपल्या लोकवाद्यांना खरखर आणि झणझण आवडते. तुणतुण्याची तार, संबळाचा खणखणाट, हलगीचा कडकडाट, यांत गुळगुळीत काहीच नाही. जत्रेत माईक आला तेव्हा लोककलावंतांनी त्याला हात जोडले नाहीत, त्याचा चटकन ताबा घेतला. तमाशाच्या तंबूत किंवा गावच्या ऑर्केस्ट्रात ‘इको’ दिला नाही तर गायक साउंडवाल्याला झापतो. आवाज तीन-तीन वेळा घुमून आला की त्याला बरं वाटतं. अल्जीरियाच्या ‘राई’ या संगीतप्रकारातल्या गायकांनी तर ऑटो-ट्यून उघडपणे, पूर्ण जोराने लावून स्वतःचाच एक अलंकार बनवला. त्यांच्या गळ्यातल्या हरकती आणि यंत्राच्या उड्या यांची जुंपते आणि ती जुंपलेली ऐकू येते. म्हणून ती मला प्रामाणिक वाटते.

चित्रपटालाही ही उघड करामत नवी नाही. ‘महल’च्या (१९४९) गाण्यात आवाज दुरून जवळ येत गेल्याचा भास हवा होता म्हणून लताबाईंना माईकपासून लांब उभं करून, गात गात पुढे यायला सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी केलेलं आहे, आणि आवाज तर लताबाईंचाच राहतो.

या दृष्टीने गेल्या वीस वर्षांत मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या स्नेहा खानवलकर. इंदूरच्या, मराठी घरातल्या. दिबाकर बॅनर्जींच्या ‘ओय लकी! लकी ओय!’ (२००८) साठी त्या हरियाणा-पंजाबात फिरल्या आणि तिथल्या गायकांना घेऊन आल्या. त्या चित्रपटात राजबीर नावाच्या मुलाने गायलेली एक हरियाणवी रागिणी आहे. कोवळा, चिरका, ताणलेला आवाज. एखाद्या व्यावसायिक स्टुडिओत हा मुलगा पहिल्याच ओळीला परत पाठवला गेला असता. पुढे अनुराग कश्यप यांच्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’साठी (२०१२) त्या बिहारात तर गेल्याच, पण त्रिनिदादलाही गेल्या. हे मला फार हुशारीचं वाटतं. उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या भोजपुरी माणसांच्या नातवंडा-पणतवंडांनी तिथे ‘चटणी’ नावाचं संगीत उभं केलं आहे. घरातली भोजपुरी गाणी, ढोलक, धंताल आणि वर कॅरिबियन सोकाचा विजेवरचा ठोका. म्हणजे लोकगळा आणि इलेक्ट्रॉनिक यंत्र यांचं लग्न कुठल्या संगीतकाराने लावायच्या आधी लोकांनीच लावून टाकलेलं होतं. ‘हंटर’ हे गाणं वेदेश सोकू यांच्या आवाजात तिथून आलं आणि धनबादच्या कोळशाच्या गोष्टीत बसलं. इंग्रजी-भोजपुरीची ती खिचडी कुणाला ओढूनताणून वाटली नाही.

त्याच वर्षी खानवलकरांनी ‘साउंड ट्रिपिंग’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम केला. गावोगाव हिंडायचं, माणसांचे, कामांचे, वस्तूंचे आवाज टिपायचे आणि संगणकावर त्यांचं गाणं करायचं. पंजाबच्या भागात नूरां भगिनी, ज्योती आणि सुलताना, गायल्या. तेच गाणं पुढे २०१५ मध्ये ‘सिंग इज ब्लिंग’ या हिंदी चित्रपटात आलं. त्या मूळ गाण्यात आवाज कापलेला, उलटसुलट जोडलेला, ठोक्यासारखा वापरलेला आहे. इतकं सगळं करूनही एका क्षणासाठी शंका येत नाही की गाणाऱ्या या दोघी कुठल्या मातीतल्या आहेत. गळ्यातला खरखरीत पोत, तार सप्तकातली ती बेफिकीर झेप, सगळं शाबूत. कारण तुकडे केले तरी तुकड्याच्या आतल्या आवाजाला हात लावलेला नाही. रेहमान यांनी ‘हायवे’मध्ये (२०१४) या दोघींकडून ‘पटाखा गुड्डी’ गाऊन घेतलं तेव्हाही मागे सगळा आधुनिक पसारा होता, आणि दोघी त्याच्या उरावर बसून गायल्या. त्याच ध्वनिफितीत रेहमान यांनी स्वतः गायलेलीही एक आवृत्ती आहे. दोन्ही लागोपाठ ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते व्याख्यानाशिवाय कळेल.

आता आपल्या घरचं. अजय-अतुल यांनी मराठी लोकसंगीताला चित्रपटात जी ताकद दिली तिच्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. ‘जोगवा’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ‘सैराट’च्या (२०१६) संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद बसला आणि ‘झिंगाट’ने वरातीतल्या डीजेचा दणका बिनदिक्कत चित्रपटात आणला. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘जीव रंगला’ हरिहरन आणि श्रेया घोषाल गातात, ‘नटरंग’ची लावणी बेला शेंडे गातात. उत्तम गातात. चाल लोकांची, ठेका लोकांचा, गळा मात्र तालमीतला. ज्या गळ्यांतून ही गाणी पिढ्यान् पिढ्या आली, ते गळे दाराबाहेरच राहिले. ‘कोंबडी पळाली’ला (‘जत्रा’, २००६) आनंद शिंदे यांचा आवाज आहे, तो अपवाद मला त्या गाण्याच्या इतर सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो. त्या आवाजात त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे ऐकू येतात, कॅसेटचा काळ ऐकू येतो, चौकातला मंडप ऐकू येतो. त्याला कानस लावावी असं कुणाला वाटलेलं दिसत नाही, ही देवाची कृपा.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. कायदा काय म्हणतो? २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८-ब आलं. गाणाऱ्याला आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या गाण्याची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क त्याने दिला. पण तांत्रिक कारणासाठी केलेली काटछाट ही मोडतोड धरली जाणार नाही, असंही तिथेच म्हटलं आहे. आता गंधार ३५० वरून ४०० वर नेणं ही काटछाट की मोडतोड, यावर वकील लोक खुशाल वाद घालोत. नावाचा हक्क तरी निर्विवाद आहे. तोही मिळत नाही. २०२० मध्ये बादशाह यांचं ‘गेंदा फूल’ देशभर वाजलं. त्यातल्या बंगाली ओळी बीरभूमच्या रतन कहार या गायकाच्या, आणि सुरुवातीला त्यांचं नावच कुठे नव्हतं. बंगालमधून ओरड झाली, मग बादशाह यांनी त्यांना पैसे पाठवले. २०२४ मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली. गाणं चित्रपटातलं नाही, पण ‘पारंपरिक’ असा शिक्का मारून माणूस पुसण्याची रीत चित्रपटातलीच आहे.

आणि आता कानशीच्याही पुढचं यंत्र आलं आहे. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात रेहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवून वापरले. दोघांच्या कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीर सांगितलं. जाहीर सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. उद्या हे न सांगता करणारे निघतील आणि त्यांना लागणारा कच्चा माल म्हणजे गावोगावच्या गायकांची साठवलेली ध्वनिमुद्रणं असतील. त्या गायकांच्या घरी करारनामे नसतात.

या सभागृहात ध्वनिमुद्रण शिकणारी, छोट्या स्टुडिओत काम करणारी काही मुलं-मुली मागच्या रांगेत बसली आहेत, असं मला सांगण्यात आलं. त्यांच्यासाठी शेवटचं. गायकाला पट्टी विचारा आणि ट्रॅक त्याच्या पट्टीत घ्या, त्याला ट्रॅकच्या पट्टीत ओढू नका. आधी क्लिकशिवाय एकदा गाऊ द्या. पुढे त्या आवाजाचं जे काय करायचं ते करा, घुमवा, कापा, उलटा लावा, मी येऊन टाळ्या वाजवीन. पण गायक घरी गेल्यावर गपचूप ट्यूनिंग करायचं नाही. करणं भागच पडलं तर त्याला ऐकवून, विचारून करायचं. मूळ टेक पुसायचा नाही. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून गायकाच्या हातात द्यायची, आणि गाण्याबरोबर त्याचं नाव, गावासकट, लिहायचं.